शिरगणतीत पणजी सापडत नाही

आमच्या घराण्याच्या कुळवृत्तांतात माझ्या पणजीला एक ओळ मिळाली आहे. सासरचं नाव, माहेरचं आडनाव, माहेरचं गाव आणि पुढे ‘अपत्ये ५’. पणजोबांना सात ओळी आहेत. त्यात शिक्षण आहे, नोकरी आहे, गावच्या देवळाला दिलेली समई आहे आणि शेवटी ‘स्वभाव करारी’ आहे. (आमच्या कुळवृत्तांतात तीन ओळींपेक्षा जास्त जागा मिळालेल्या प्रत्येकाचा स्वभाव करारी आहे. पत्त्यांत पैसे घालवलेला किंवा नोकरीतून काढून टाकलेला एकही पुरुष घराण्यात झालेला दिसत नाही.)

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा या एका ओळीवर सहज वजाबाकी करून पाहिली आणि अडकले. थोरले आजोबा, म्हणजे माझ्या आजोबांचे सगळ्यात मोठे भाऊ, १९१२ साली जन्मले. पणजी वारली १९६४ मध्ये. ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदीत तिचं वय ६० लिहिलंय. म्हणजे तिचा जन्म १९०४ चा, आणि पहिला मुलगा आठव्या वर्षी.

एकतर आकडा चुकलाय नाहीतर ओळ चुकली आहे. माझं पीएचडीचं काम नेमकं अशाच गोंधळावर आहे. संख्याशास्त्रात त्याला रेकॉर्ड लिंकेज म्हणतात, मी नोंदजोडणी म्हणते. दोन वेगळ्या याद्या असतात, दोन्हींत समान असा क्रमांक नसतो, आणि या यादीतली ही व्यक्ती त्या यादीतली तीच का, हे नाव, वय, गाव असल्या ढिल्या धाग्यांवरून ठरवायचं असतं. दवाखान्याच्या आणि मतदारांच्या याद्यांवर हे मी रोज करते. घरच्या पुस्तकावर करायची वेळ पहिल्यांदाच आली. त्यामुळे हा लेख म्हटलं तर त्या पुस्तकाचं परीक्षण आहे, म्हटलं तर त्या पुस्तकाच्या जातीचं.

आधी त्या ६० विषयी. आठव्या वर्षी मूल झालं नाही हे उघड आहे, पण म्हणून कुळवृत्तांत खोटा ठरत नाही, कारण ६० हा आकडाच मऊ आहे. आपल्याकडे जुन्या पिढीत वय हे सांगायचं नसून अंदाजायचं असे, आणि अंदाज नेहमी शून्यावर किंवा पाचावर येऊन बसतो. जनगणनेच्या वयवार तक्त्यांचा आलेख काढला तर ३०, ३५, ४०, ४५ ला सुळके दिसतात आणि ३१, ३९, ४१ ला खड्डे. हे मोजायला व्हिपलचा निर्देशांक वापरतात. २३ ते ६२ या वयांतल्या माणसांपैकी ज्यांचं वय ० किंवा ५ ने संपतं त्यांची संख्या घ्या, पाचाने गुणा, एकूण संख्येने भागा, शंभराने गुणा. उत्तर १०० आलं तर लोकांनी खरी वयं सांगितली. ५०० आलं तर सगळ्यांनीच गोल आकडा सांगितला. तेव्हा पणजीचं ६० म्हणजे ५५ ते ६५ मधलं काहीही, आणि नोंद सांगणारा शेजारी असेल तर ७० सुद्धा. ७० धरलं तर जन्म १८९४, पहिला मुलगा अठराव्या वर्षी. सगळं सुरळीत. माझी शंका तिथेच मिटायला हरकत नव्हती.

ती मिटली नाही कारण मुलांची सालं विचित्र आहेत: १९१२, १९१५, मग थेट १९२२, १९२५, १९२९. मधली सात वर्षं रिकामी आहेत. अर्थात याचंही साधं उत्तर असू शकतं. लहानपणी गेलेली मुलं कुळवृत्तांतात छापलेली नाहीत, तेव्हा या सात वर्षांत दोन मुलं झाली आणि गेली असंही असेल.

हे ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी पहिला सल्ला दिला की जुनी जनगणना बघ. हा सल्ला कुठून येतो ते कळतं. बीबीसीवर २००४ पासून ‘हू डू यू थिंक यू आर?’ हा कार्यक्रम चालू आहे. त्यात एखादा प्रसिद्ध नट अभिलेखागारात जातो, त्याच्यापुढे जनगणनेचं पान उघडलं जातं, आणि तिथे त्याची पणजी असते, नाव, वय, धंदा, जन्मगाव आणि घरातल्या इतरांशी नातं यांसकट. इंग्लंडमध्ये हे होऊ शकतं, कारण तिथे १८४१ पासून माणशी नाव लिहिलेली पानं जपून ठेवली आहेत आणि शंभर वर्षांनी ती खुली होतात. १९२१ ची पानं जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. अमेरिकेत ७२ वर्षं थांबतात, १९५० ची पानं एप्रिल २०२२ मध्ये आली. अर्थात तिथेही सगळं शाबूत नाही. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची पानं १९४२ च्या आगीत जळाली आणि १९४१ ला युद्धामुळे गणतीच झाली नाही, म्हणजे १९२१ नंतर तीस वर्षांची खिंड आहे.

आपल्याकडे १८७२ ला पहिली गणती झाली, १८८१ ला देशभर एकाच वेळी झाली आणि तेव्हापासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी होत राहिली. १८ मार्च १९२१ च्या रात्री माझी पणजी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरात असेल तर तिला कुणीतरी मोजलं असणार, कंदील घेऊन दारात आलेल्या मास्तरांनी किंवा तलाठ्याने. पण तो कागद आज नाही. १९०१ पासून माणशी एक चिठ्ठी करायची पद्धत होती. घरोघरच्या यादीवरून प्रत्येकाची माहिती एकेका चिठ्ठीवर उतरायची, मग चिठ्ठ्यांचे गठ्ठे पाडायचे, बायका-पुरुष, विवाहित-विधवा, जात, वय, आणि गठ्ठे मोजायचे. मोजून झालं की चिठ्ठ्यांचं आणि याद्यांचं काम संपलं. शिल्लक राहिले ते जाडजूड अहवाल आणि तक्ते. पणजी त्या तक्त्यात आहे. ‘विवाहित स्त्रिया’ या खान्यातल्या आकड्यात एक ती आहे. ती बाहेर काढता येत नाही, इतकंच.

स्वातंत्र्यानंतर तर कायद्यानेच दार बंद केलं. १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या १५ व्या कलमानुसार गणतीचे कागद कुणाला पाहता येत नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत. यात मला चूक वाटत नाही. लोकांनी मोकळेपणाने माहिती द्यायची तर हे आश्वासन हवंच. पण तिकडे शंभर वर्षांनी का होईना कुलूप निघतं, तशी मुदत आपल्या कलमात नाही. २०२७ च्या जनगणनेत माझी माहिती डिजिटल भरली जाईल, आणि माझ्या पणतीला मी त्यात सापडेन असं आजच्या कायद्यात तरी काही नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण सध्या तिच्यावरून बरीच तणातणी आहे. तक्त्यातला आकडा आणि माणसाची नोंद या दोन वेगळ्या वस्तू आहेत. अमुक भागात अमुक जातीचे इतके लोक होते एवढ्यावरून तिथला अमुक माणूस त्या जातीचा होता, असं निघत नाही. हैदराबाद गॅझेटियरच्या वादात बाजू कुठलीही घ्या, हा फरक डोळ्यांआड करून चालत नाही. माणसासाठी माणसाचीच नोंद लागते.

तर माणसाची नोंद. आमच्याकडे ती कुळवृत्तांतात आहे, आणि मुळात कुळवृत्तांत असणं हीच केवढी चैन आहे. ज्यांच्या घरात चार पिढ्या लिहिणारे होते त्यांनी ही पुस्तकं काढली. त्यामागचे कष्ट मी कमी लेखत नाही. आमच्या संपादकांनी शेकड्यांनी पोस्टकार्डं पाठवली, कोकणातल्या मूळ गावापासून देशावरच्या प्रत्येक शाखेपर्यंत एसटीने फिरले, नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या नामावळ्या उतरवून आणल्या. पुरुषांच्या बाबतीत हे पुस्तक भक्कम आहे, हे मला पुढे कामालाही आलं. अडचण अशी की ते दोन प्रकारच्या माहितीला एकाच टायपात छापतं. कुणीतरी कागद पाहून लिहिलेलं आणि कुणीतरी पोस्टकार्डावर आठवून लिहिलेलं, दोन्ही सारख्याच खात्रीने समोर येतं. ज्यांनी पोस्टकार्डाला उत्तर दिलं त्यांची शाखा दाट, ज्यांनी नाही दिलं त्यांची ‘पुढील माहिती उपलब्ध नाही’. आणि बायका. आमच्या आवृत्तीत मुली ‘कन्या २’ म्हणून आहेत, नावं नाहीत. सुनांना नाव आहे, पण सासरी ठेवलेलं. म्हणजे एकच मुलगी माहेरच्या पुस्तकात आकडा आणि सासरच्या पुस्तकात दुसऱ्याच नावाची बाई. नोंदजोडणीच्या दृष्टीने हा जवळजवळ न सुटणारा प्रश्न आहे. जोडायला लागणारे दोन्ही धागे लग्नाच्या दिवशीच कापलेले असतात.

हे फक्त कुळवृत्तांताचं दुखणं नव्हे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदारयादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी नोंद करून घेतली होती.

मग मी दुसरीकडे शोधायला लागले. शाळेच्या जनरल रजिस्टरात थोरल्या आजोबांची जन्मतारीख १ जून निघाली. महाराष्ट्रात जुन्या शाळेत गेलेल्या कुणालाही याचं हसू येईल. ज्यांना तारीख माहीत नव्हती त्या सगळ्यांना मास्तरांनी १ जूनला जन्माला घातलं. आमच्या कामात याचं एक गणित आहे. १९६९ मध्ये इव्हान फेलेगी आणि अ‍ॅलन सुंटर या दोघांनी मांडलेली पद्धत आजही पाया म्हणून वापरतात. तिचं सार असं: एखादा तपशील दोन नोंदींत जुळला, तर दोन प्रश्न विचारा. माणूस एकच असेल तर हा तपशील जुळण्याची शक्यता किती? आणि माणसं वेगळी असतील तर निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता किती? पहिलीला दुसरीने भागा. भागाकार मोठा तर पुरावा वजनदार. १७ ऑगस्ट ही तारीख जुळली तर वजन भरपूर. १ जून जुळली तर जवळपास शून्य, कारण अर्धा वर्गच १ जूनचा. तेच नावाचं. गावात दर पाचवी सून लक्ष्मी असेल तर लक्ष्मी जुळून फार तर पाचपट फरक पडतो. त्याने समाधान मानणारा माणूस फसतो.

खरा कागद मिळाला तो योगायोगाने. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत तहसिलांमधली जुनी कोतवाल बुकं बाहेर निघाली. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्ममृत्यूंची वही, बहुतेक मोडीत लिहिलेली. शेजारच्या वाड्यातल्या एका दादाने स्वतःच्या पणजोबाच्या नोंदीसाठी एका पानाची नक्कल काढली होती. मोडी वाचणाऱ्या काकांकडे आम्ही ते पान घेऊन बसलो, तेव्हा त्याच्या ओळीच्या दोन ओळी खाली आमचं आडनाव निघालं. मृत्यू. आश्विन वद्य, शके १८४०. कारण ज्वर. वय २५. आणि नावाच्या जागी: पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, ‘याची बायको’.

शके १८४० चा आश्विन म्हणजे १९१८ चा ऑक्टोबर, फार तर नोव्हेंबरचे पहिले दिवस. इन्फ्लुएंझाची दुसरी लाट मुंबई इलाख्यात तेव्हा शिगेला होती. त्या साथीत हिंदुस्थानात किमान सव्वा कोटी माणसं गेली, वीस ते चाळीस वयाची सर्वांत जास्त, आणि पुरुषांपेक्षा बायका जास्त. १९११ ते १९२१ या एकाच दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, आजच्या भारताच्या हद्दीपुरतं पाहिलं तर २५.२१ कोटींवरून २५.१३ कोटींवर. लहान मुलांची आई, वय पंचविशीच्या आसपास, कारण ज्वर. त्या पानावर अशा ओळी एकामागून एक आहेत. काका वाचत गेले आणि पाचव्या-सहाव्या ओळीनंतर नुसतंच ‘ज्वर, ज्वर’ म्हणत गेले.

पण ही आमचीच का? आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे एक आड एक पिढीत तीच जोडी परत येते, गणेश विनायक, विनायक गणेश, पुन्हा गणेश विनायक. इथे कुळवृत्तांताने हात दिला. १९१८ मध्ये त्या गावात त्या नावाचा, त्या वडिलांचा मुलगा एकच होता, हे वंशवृक्षावरून दाखवता येतं. पुरुषाची ओळख पक्की झाली. आणि ज्याची बायको १९१८ मध्ये वारली त्याची बायको १९६४ मध्येही वारली असेल, तर बायका दोन. पाच अपत्यांची ती एक ओळ दोन बायकांची आहे.

हे कळल्यावर मी थोरल्या आत्याला फोन केला. ती थोरल्या आजोबांची मुलगी, आता ब्याऐंशी वर्षांची. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, म्हणून बाबा तिला मावशी म्हणायचे!” माझे आजोबा आणि त्यांच्या पाठची-पुढची भावंडं पणजीला आई म्हणत. थोरले आजोबा आणि त्यांच्या पाठची बहीण मावशी म्हणत. घरातल्या सगळ्यांनी हे पन्नास वर्षं ऐकलं होतं आणि कुणी विचारलं की उत्तर असे, सवय त्यांची.

मग तिला दुसरं आठवलं. थोरल्या आजोबांच्या घरी पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला घालत, तिला खण-नारळ देत. अजूनही तिच्या भावाकडे घालतात. आमच्याकडे नाही. अविधवा नवमी असते नवरा हयात असताना गेलेल्या बाईची. पणजी पणजोबांच्या मागे तेरा वर्षं जगली, विधवा म्हणून गेली. मग ती सवाष्ण कुणाच्या नावाने जेवत होती? आत्या म्हणाली, आम्हाला वाटायचं कुणीतरी जुनी काकू असेल.

मला या जागी थोडी स्वतःची लाज वाटली. तीन महिने मी निर्देशांक आणि भागाकार करत होते, आणि सगळ्यात वजनदार पुरावा दरवर्षी पाटावर वाढला जात होता. फेलेगी-सुंटरच्या भाषेत सांगायचं तर बाई एकच असती तर अर्ध्या मुलांनी तिला मावशी म्हणण्याची आणि तिच्या नावाने नवमी होण्याची शक्यता नगण्य. बाया दोन असतील तर दोन्ही गोष्टी अगदी सरळ. इतका मोठा भागाकार मला माझ्या कुठल्याच यादीत मिळालेला नाही. आणि कुळवृत्तांताच्या पोस्टकार्डात हे विचारणारा प्रश्नच नव्हता. घरात कोण कुणाला काय हाक मारतं, कुणाचं श्राद्ध कोण करतं, हे दोन प्रश्न असते तर संपादकांना तेव्हाच कळलं असतं. तेव्हा थोरले आजोबा हयातही होते.

जे ठरत नाही तेही लिहायला हवं. मावशी म्हणत म्हणून दोघी सख्ख्या बहिणी होत्या का? असं होत असे, बहीण गेली की धाकटीला देत. पण सावत्र आईला नुसतंच मावशी म्हणायचीही रीत होती. ओळीतलं माहेर माझ्या पणजीचं आहे, माझ्या आजोबांचं आजोळ तेच. आत्या म्हणते तिच्या वडिलांच्या तोंडून आजोळ हा शब्द तिने कधी ऐकला नाही. बहिणी असत्या तर तेही त्याच गावाला गेले असते. मी बहिणी नसाव्यात या बाजूला झुकते, पण थोडीशीच. आणि नाव कुठेच नाही. कोतवाल बुकात नाही, कुळवृत्तांतात नाही, आत्याला माहीत नाही.

गंमत म्हणजे ती माझी रक्ताची कुणीच नाही. मी धाकट्या बायकोची पणती. शोधायला निघाले होते माझी पणजी, सापडली आत्याची आजी. माझ्या पणजीचा जन्म खरंच १९०४ च्या आसपासचा निघतो, म्हणजे सोळा-सतरा वर्षांची असताना ती सात आणि चार वर्षांच्या दोन मुलांच्या घरात आली असावी. त्या ६० आकड्यावर मी उगीच संशय घेतला.

कुळवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय. पुण्याचे एक निवृत्त काका संपादक आहेत, या वेळी पोस्टकार्डाऐवजी गूगल फॉर्म आहे. मुलींची नावं घेणार आहेत, ही चांगली सुधारणा. मी आत्याच्या वतीने फॉर्म भरायला घेतला. ‘पत्नीचे नाव’ या रकान्यापुढे लाल चांदणी होती, तो रिकामा सोडून पुढे जाता येत नव्हतं, आणि दुसऱ्या पत्नीसाठी रकाना नव्हता. मी काकांना सविस्तर मेल केला, कोतवाल बुकाच्या पानाचा फोटो जोडला, आणि विनंती केली की प्रथम पत्नी वेगळी दाखवावी, ‘नाव उपलब्ध नाही, मृत्यू आश्विन वद्य शके १८४०, आधार कोतवाल बुक व घरातील अविधवा नवमी’ असं छापावं, आणि पहिली दोन अपत्ये तिच्याखाली घ्यावीत. आत्याला मेलची प्रत वाचून दाखवली. तिने ‘घरातील’च्या जागी ‘थोरल्या घरातील’ करायला सांगितलं.

काकांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. बदल मान्य. फोटो असल्यास पाठवावा.